बारिंगोचं पाणी आणि माझी खुंटी

४ मे २०१३. सकाळी ६.
सरोवर वाढलंय म्हणून किनाऱ्यावर नुसता गोंधळ. एकतीस वर्षं केनियाचा भूगोल शिकवून मी रिटायर झाले. मला कुणी बारिंगो शिकवू नये. कुंपणाबाहेर खुंटी ठोकली. पाणी तिच्यापुढे येणार नाही.
अंगणातल्या शेडमध्ये 'आदिमानव आणि हवामान' प्रदर्शन १ ऑगस्टला उघडणार. म्हणजे उघडणार.

१९ मे.
खुंटी पाण्यात. जागाच चुकली होती. नवी पपईपाशी ठोकली.
अंगणातली पांढरी माती बरणीत भरली. प्रदर्शनातली मुख्य वस्तू. लाखो वर्षांपूर्वी पाणी इथवर होतं, त्यातल्या सूक्ष्म शेवाळाचे हे सांगाडे. ही माती पाहूनच आम्ही प्लॉट घेतला. किमोसोप तेव्हा म्हणाला होता, "म्हणजे आपण तळ्यात घर बांधतोय." नवऱ्यांना विज्ञान कळत नाही.

२ जून.
बाभळीखाली किमोसोपच्या दगड रचलेल्या कबरीभोवती मातीचा बांध घातला. प्रदर्शनाला गर्दी होईल. कुणाचा पाय पडायला नको. दुसरं कारण नाही.

११ जून.
लेकोसेक होडी घेऊन थेट फाटकात. माझा जुना विद्यार्थी, भूगोलात नापास, आता मासे धरतो. म्हणाला, "बाई, निघा आता. काल पाणघोडा तुमच्या भाजीत चरत होता." म्हटलं, चरू दे, खत मिळेल. तर म्हणे, "तुम्हीच सांगायचात ना वर्गात, तळं वाढलं की शहाणी माणसं डोंगराकडे निघाली, मूर्ख राहिली, त्यांचीच हाडं आपल्याला सापडतात?"
हे बरं आठवतं. पेपरात आठवलं नव्हतं.

३० जून.
नाकुरूहून जेरोपचा फोन. भर पावसात जन्मली म्हणून हे नाव; आता पावसालाच घाबरते. "आई, बाबांना वर टेकडीवर हलवू. मोठी माणसं तयार आहेत. विधीला एक बकरं लागेल, एक दिवस लागेल. उशीर करू नकोस." सांगितलं, तुझे बाबा कुठेही जाणार नाहीत. पाणी ओसरतंय.
(आज चार बोटं वाढलं. पण एका दिवसावरून लेव्हल ठरत नसते.)

१४ जुलै.
खुंटी पाचवी. ओट्याच्या पायरीशी. इथून मोजायला सोपं पडतं.
बांध फुटला. उद्या दुरुस्त करीन.

१५ जुलै.
बांध दिसत नाही.

१ ऑगस्ट.
उद्घाटन पुढे ढकललं. पाहुणे होडीतून कसे येणार? जेरोप पुन्हा बकऱ्याचं म्हणाली. आता खणायचं कुठे, पाण्यात? फोन ठेवला.

९ ऑगस्ट.
लेकोसेकने होडीत बसवलं. बरणी मांडीवर. तात्पुरती निघाले आहे. मागे पाहिलं नाही, पाहण्यासारखं नव्हतं.

२२ सप्टेंबर. मारिगाट, भाड्याची खोली.
लेकोसेक तिलापिया मासे घेऊन आला. चांगले हातभर. विचारलं, कुठे लागले रे? "तुमच्या बाभळीखाली, बाई. तिथल्या दगडांत लपतात..." आणि जीभ चावली. म्हणाला, "चुकलं बाई. परत नाही टाकणार तिथे जाळं."
म्हटलं, टाक. तुझंही पोट आहे.
मासे शिजवले. शेजारणीला दिले.
एकतीस वर्षं वर्गात चुकीचं सांगितलं. राहिलेली सगळीच मूर्ख नसतील. काहींना वेळेवर कुणी हलवलं नसेल.