दोरीवरची लाल थमीन

शनिवार, ४ एप्रिल १९८१. अल-खोबर, सौदी अरेबिया

हाशम गेला — माझ्या थमीनीखालून गेला! वर माझी नेसायची ओली थमीन, खाली माझा लेक, आणि मी स्वयंपाकघराच्या दारात, तोंडात मिसरी. थुंकून ओरडेपर्यंत तो जिना उतरून जुबैलच्या कामाच्या बसमध्ये बसलासुद्धा.

बाहेर वाळूचं वादळ. म्हणून सुनेनं, साबिरानं, दोरी घरातच बांधली — बाहेरच्या दाराच्या अगदी वर! तिचा काय दोष? मी तिला कधी सांगितलंच नाही. माझी थमीन मीच धुते, खुर्चीच्या पाठीवर वाळवते. काल कंबर धरली, तर तिनं मायेनं मशीनमध्ये टाकली. सून चांगली मिळाली की असं होतं.

वरच्या मजल्यावरची चित्रा दुपारी येते. मी बोलते, ती लिहिते. मला अक्षर येत नाही आणि तिला दुपारची झोप येत नाही. विचारते, "अम्मा, खालून गेले तर काय होतं?"

उद्या सांगते. आज तोंडाला कोरड पडली आहे.

रविवार, ५ एप्रिल

लिही, चित्रा. हफीजा मी निकाहानंतरची. त्याआधी ब्रह्मदेशातल्या मोलमीनची, मोन लोकांतली पोर. हाशमचे अब्बा तिथे बोटीवर सारंग होते, दाभोळच्या खाडीवरचे. त्यांच्यामागून कोकणात आले. गावच्या बायका मला ब्रह्मीण म्हणायच्या. ब्रह्मी बायका वेगळ्या गं! त्यांच्या रेशमावर लाटा विणलेल्या असतात. आम्हा मोन बायकांची थमीन लाल. वर पांढरं पोलकं, आणि सणाला पॅगोड्यात जाताना खांद्यावरून पट्टा. ओळखायला डोळे लागतात, ते गावाकडे कुणी वापरले नाहीत.

थमीन गोल शिवलेली असते. आत उभं राहायचं, सगळा घोळ एका बाजूला ओढायचा, उलट दुमडायचा आणि कमरेला खोचायचा. नाडी नाही, गाठ नाही — गाठ पुरुषांची. वरच्या काठाला काळ्या सुताची पट्टी, कारण रेशीम घसरतं, सूत धरून ठेवतं. चित्राला नेसवली. खोलीच्या दारापर्यंत पोचायच्या आत सुटली! नऊवारीतल्या आजीची नात, आणि ही गत. माझी नात सकिना म्हणते, "दादी, ये तो लुंगी है!" इंग्रजी शाळेची फी भरून हे ज्ञान.

तर — ही थमीन पुरुषाच्या डोक्यावर येता कामा नये. आली, की त्याचं तेज उतरतं. मग त्याला काहीही होऊ शकतं. पडणं, बुडणं, काहीही. आमच्याकडे बायका ती कमरेच्या खाली वाळत घालतात. शेंबडा पोरगासुद्धा वळसा घालून जातो.

आणि हे कोण बोलतंय? पाच वेळा नमाज पढणारी म्हातारी. साबिरा म्हणाली, "अम्मा, तौबा करा." केली. मग उठून ती दोरी सोडली.

मंगळवार, ७ एप्रिल

हाशमच्या हाताला पत्रा लागला. एवढीशी पट्टी. मी पुन्हा पुन्हा विचारलं, कुठल्या हाताला? — जसं काही हातावरच सगळं आहे!

बुधवार, ८ एप्रिल

हाशमचे अब्बा मुद्दाम खालून जायचे. मी थमीन वाळत घातली, की हे वाकून, टोपी सांभाळत, इकडून तिकडे! "बघ, अजून उभा आहे!" म्हातारे होऊन अंथरुणात गेले, शांतपणे. मी मनाला सांगायचे, परका माणूस, परक्याला लागत नाही.

पण हाशम? अर्धा दाभोळचा, अर्धा माझा. दोरीखालून गेला तो कुठला अर्धा?

चित्रा हसली. हस, बाई. मीही हसते आहे, फक्त कान जिन्याकडे आहेत.

गुरुवार, ९ एप्रिल

शेवटी हाशमला सांगितलं. तो खुबूसची रोटी तोंडात धरून म्हणाला, "अम्मा, माझं तेज आमच्या मालकाकडे, त्या कफीलकडे आहे, पासपोर्टबरोबर ठेवलंय त्यानं!" सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं.

मग पाणी पीत सहज म्हणाला, "शनिवारी नव्या टॉवरवर चढायचंय. अगदी वर, वेल्डिंग तपासायला."

मी ताट सरकवून ठेवलं.

शुक्रवार, १० एप्रिल

"उद्या नको जाऊस," म्हटलं. "कारण काय देऊ?" म्हणाला. "फोरमनला सांगू, आईच्या कपड्याखालून गेलो?" — हे त्यानंच विचारलं.

युक्ती चित्राची! तिचा नवरा उदय हाशमच्याच खात्यात, एकाच बसनं जातात. ती म्हणाली, "अम्मा, छातीत दुखतंय म्हणा. हाशमभाई तुम्हाला टाकून जायचे नाहीत." एवढी शिकलेली बाई, आणि काय डोकं! मी म्हटलं, कुठल्या बाजूला दुखवू? म्हणाली, "डाव्या. आणि जास्त बोलू नका, तेच तुम्हाला जमणार नाही."

शनिवार, ११ एप्रिल

जमलं! पहाटे पलंगावर आडवी झाले, छातीवर हात. हाशमचा चेहरा पांढरा. बूट चढवलेले तसेच काढून फेकले. बस खाली भोंगा वाजवून गेली. दवाखान्यात इजिप्तच्या डॉक्टरनं छातीला तारा लावून कागदाच्या पट्ट्या काढल्या, मान हलवली, गोळ्या दिल्या. हाशमनं माझी चप्पल हातात धरली होती. लाज वाटली, पण थोडी. लेक जमिनीवर आहे. आज जेवले, दोनदा वाढून घेतलं.

चित्रा इतकी हसते आहे, की पेन धरवत नाही. नीट लिही गं! लिही, हफीजानं मोठमोठ्या नट्यांना मागे —

वर फोन वाजतो आहे. तुझाच ना? जा, घे, मी थांब

सोमवार, १३ एप्रिल

आज मी बोलते, साबिरा लिहिते आहे.

हाशम नाही, म्हणून उदय चढला. वरची फळी सुटली, तो खाली आला. दम्मामच्या इस्पितळात आहे, शुद्ध नाही. चित्रा तिथेच बसून आहे.

हाशम माझ्या गोळ्यांची वेळ चुकवत नाही. उशाशी पाणी आणून ठेवतो, विचारतो, "अम्मा, दुखतंय का?" त्याला ठाऊक नाही. मी हे सांगितलं तेव्हा साबिराचा हात थांबला. माझ्याकडे बघितलं. मग तिनं लिहिलं.

म्हणाली, "ती थमीन पेटीच्या तळाशी टाकू का?" कापडानं काय केलं गं? कापड दोरीवर होतं. पलंगावर मी होते.

मंगळवार, १४ एप्रिल

चित्राकडे डबा पाठवला. तसाच परत आला. फोन करायचं धाडस होत नाही. जिन्यावर पाऊल वाजलं, की मी डोळे मिटून घेते.

शुक्रवार, १७ एप्रिल

चित्रा आली. वही स्वतःच ओढून घेतली, म्हणाली, "सांगा." आधी तू सांग, म्हटलं. मग तीच बोलली. मी म्हटलं, तेच लिही.

काल उदयनं डोळे उघडले. पाय हलत नाहीत अजून. पहिलं काय विचारलं? — "हाशमच्या अम्मांच्या छातीचं कसं आहे?"

चित्रानं सांगितलं, बरं आहे.