प्रज्ञा गॅरेजला जाते

८ नोव्हें.
प्रज्ञाने नोकरी सोडली. चहा पिताना सांगितलं, तेही हाताला पेट्रोलचा वास का येतोय असं मी विचारलं म्हणून. शनिवार-रविवार ट्रेकला जाते असं मी समजत होते. ट्रेक कसला! नाना पेठेत हमीदभाई म्हणून कोणी आहेत, त्यांच्या गॅरेजमध्ये जुन्या गिअरच्या स्कूटर खोलत बसते. आता रोजच जाणार म्हणे. खराडीचं ऑफिस, एसी, न्यायला येणारी कॅब, सगळं बंद.
"आजोबांना सांगितलंस?"
"तू सांग ना, आई. प्लीज."
ह्यांना नागपूरला फोन केला. तिथून म्हणाले, "दादांना आत्ताच नको सांगूस." छान. बदलीवर असलं की माणूस शहाणा होतो.

९ नोव्हें.
सांगितलं. दादा पेपर वाचत होते. माझी आई गेल्यापासून दादा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडेच, प्र.ला शाळेत सोडणं-आणणं त्यांनीच केलं, मी ऑफिसात. पेपरची घडी करून बाजूला ठेवली.
"काढलं का तिला?"
"नाही, स्वतःच सोडली."
"तब्येत बरी आहे ना?"
"बरी आहे."
मग म्हणाले, "खडकीला कारखान्यातून सुटलो की रॉकेलने हात धुवायचो. तरी भाकरीला वास यायचा. तुझी आई कधी बोलली नाही." उठून गॅलरीत गेले.
मला आणि भावाला त्यांनी कधी पान्याला हात लावू दिला नाही. सायकलची चेन पडली तरी ओरडायचे, "तू अभ्यासाला बस, मी बघतो." आज मला ट्यूब बदलता येत नाही, आणि ऑफिसात माझ्या सहीशिवाय फाइल हलत नाही. त्यांना नेमकं हेच हवं होतं. वस्तीतल्या एका खोलीतून विश्रांतवाडीतल्या ह्या फ्लॅटपर्यंत ते ह्याच एका हट्टावर आले. आणि आता नात…

१४ नोव्हें.
आजोबा-नात बोलत नाहीत. चटणी हवी असली तरी मला सांगतात, वाटी समोर असली तरी.
प्र. मला म्हणाली (आवाज मुद्दाम मोठा), "दिवसभर लॅपटॉपवर काय केलं ते मला संध्याकाळी सांगता यायचं नाही गं. इथे सकाळी ढकलत आणलेली गाडी संध्याकाळी चालत जाते."
दादा आतून: "सांगता येत नाही त्याचाच पगार असतो."
मला हसू आलं. दोघांनाही दिसू दिलं नाही.

२२ नोव्हें.
मंडईतून भाजी घेतली आणि न सांगता गॅरेजवर गेले. लहानसा गाळा, बाहेर फुटपाथवर चार-पाच स्कूटर उभ्या. त्यांतली एक दारूच्या तारेत असल्यासारखी एका अंगावर कललेली. पेट्रोल चढावं म्हणून तशी करायची असते, हे मला माहीत आहे, दादाही तशीच करायचे. प्र.ने सरळ केली, किक मारली. दोनदा नुसतीच खोकली. तिसऱ्यांदा सुरू, आणि एवढा धूर की शेजारच्या दुकानदाराने शटर अर्धं ओढलं. गाडीचा मालक तिशीचा पोरगा, नाचायचाच बाकी. त्याचे वडील बाजूला उभे. मला म्हणाले, "मी भंगारात देणार होतो. ह्याचाच हट्ट. आयुष्यभर मी हिला किका मारल्या, ह्याला एकदा मारू दे मग कळेल."
हमीदभाई सत्तरीचे असतील. स्टूल पुसून दिलं. म्हणाले, "माझी दोन्ही मुलं इकडे फिरकत नाहीत, ताई. एक बँकेत, एक दुबईला. मीच नको म्हटलं होतं. आणि आता तुमची ही आली. काय समजायचं आपण?"
मला तरी कुठे कळलंय.
प्र. कपाळाला काळं फासून हसत होती. कॅबमधून उतरायची तेव्हाचा तिचा चेहरा मला आठवला. घरी येताना सबंध रस्ताभर तोच आठवत होता. दादांना काही सांगितलं नाही.

६ डिसें.
सकाळी पांढरे कपडे घालून तिघं विहारात. वंदना झाली. दोघं शेजारी बसले, अबोला चालूच. परतताना आळंदी रोड ओलांडायचा होता तर प्र.ने त्यांचा दंड धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही. पलीकडे गेल्यावर मात्र लगेच.

८ डिसें.
उशीर झालाय, तरी लिहिते.
दुपारी हमीदभाईंचा फोन. गंजलेला बोल्ट कापताना ग्राइंडरची चकती फुटली, तुकडा प्र.च्या डाव्या हातावर. दवाखान्यात पोचले तर दादा आधीच तिथे! एकटे रिक्षाने आले होते. तिने मला नाही, पहिला फोन आजोबांना केला होता.
ते तिच्यासमोर उभे राहून, "बोटं हलव."
तिने हलवली.
"सगळी?"
"सगळी, आजोबा."
तेव्हा कुठे खुर्चीवर बसले.
डॉक्टर म्हणाले, शिरा वाचल्या, हाडाला काही नाही, टाके घातले की झालं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. सुटलो. आज एवढंच.

९ डिसें.
दादांच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक नाही. लहानपणी विचारलं की "उंदराने खाल्लं" म्हणायचे. पुढे आम्ही विचारायचं सोडलं. आज प्र.च्या उशाशी बसून सगळं सांगितलं. कारखान्यातल्या प्रेस मशीनला पुढे जाळी असायची, हात आत जाऊ नये म्हणून. जाळीने काम हळू होतं म्हणून साहेबाने काढायला लावली. बोट गेलं. त्यानंतर जाळीशिवाय मशीन सुरू करणार नाही म्हणून दादांनी सगळ्या खात्याचं काम बंद पाडलं. त्यांना शिक्षा म्हणून दुसऱ्या खात्यात टाकलं, तर तिथेही तेच केलं.
मी म्हटलं, "दादा, मला कधी सांगितलं नाहीत."
"तुला थोडंच मशीनवर जायचं होतं."
मग प्र.कडे वळून, "ग्राइंडरला पत्रा होता का? चकतीवरचा?"
"काढून ठेवलाय. मध्ये अडतो."
"कोणी काढला?"
ती बँडेजचं टोक नीट करायला लागली.

११ डिसें.
मी रजा टाकून दादांना गॅरेजवर घेऊन गेले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. नमस्कार-चमत्कार झाल्याबरोबर, "ग्राइंडर दाखवा."
हमीदभाई बिचारे आधीच ओशाळलेले. तरी म्हणाले, "चाळीस वर्षं असंच करतोय, काका. सेफ्टीचा चष्मा लावला की दिसत नाही नीट."
"डोळा गेल्यावर छान दिसेल."
हमीदभाईंनी जुन्या नटबोल्टांच्या डब्यात हात घालून पत्रा शोधून काढला, समोर बसवला. दादांनी हलवून पाहिला, परत आवळायला लावला. वायरी पाहिल्या. आग विझवायची वाळू कुठे आहे विचारलं. नव्हती. मग चहा आला, आणि दोघं म्हातारे तासभर कोणत्या स्कूटरचा क्लच आधी जायचा ह्यावर भांडत बसले. मी घड्याळ बघणं सोडून दिलं.
रिक्षात: "मी हो म्हटलेलं नाही."
"नाही, दादा."
"नुसता बघायला गेलो होतो."

१५ डिसें.
प्र.चा हात बांधलेला, तर दादा ताटात भाकरी कुस्करून देतात. मी स्वयंपाकघरात, दार उघडं.
दादा: "आम्हाला दुसरं काही करता येण्यासारखं ठेवलंच नव्हतं, म्हणून ते करायचो. तुला दुसरं करता येतं, तरी तू हे करतेस."
प्र.: "मग चुकतंय का माझं?"
त्यांनी आणखी अर्धी भाकरी कुस्करली.
"तेच ठरवतोय. जेव तू."
महिनाभराने घरात आवाज परत आले. मी भाजी उगाच ढवळत राहिले.

१८ डिसें.
प्र.च्या जुन्या मॅनेजरचा मेसेज. तिची जागा अजून रिकामी आहे, परत ये. उद्या फोन करतो. तिने आम्हाला वाचून दाखवला. आम्ही दोघींनी दादांकडे पाहिलं तर म्हणाले, "मला काय विचारता? सोडताना विचारलं होतं?" पण चिडून नाही. चक्क मिश्किल.

१९ डिसें.
सकाळी टाके काढले. व्रण राहील, बोटं छान वळतात. डॉक्टरांनी मूठ आवळायला सांगितली, तिने माझं मनगट आवळलं. दुखलं मला. किती बरं वाटलं.
हमीदभाईंचं गॅरेज शुक्रवारी अर्धा दिवसच, म्हणून ती घरी. जेवून सोफ्यावरच झोपली. दादा खुर्चीत डुलक्या काढतायत, पाय तिच्या सोफ्याला टेकवून.
तिचा फोन वाजायला लागला. मॅनेजरच. गेल्या महिन्यात असता तर मी झडप घालून उचलला असता, तिच्या वतीने हो म्हणून मोकळी झाले असते.
वाजून थांबला. परत वाजला.
आवाज बंद केला आणि तिच्या उशाशी ठेवला. झोपू दे. उठली की बघेल काय ते.