दुसरी किल्ली

३ मार्च १९९८
"भाड्यानं दिलेल्या खोलीची दुसरी किल्ली आपल्याकडे ठेवायची नाही. दिली म्हणजे दिली." सप्तापुरातलं हे घर बांधून झालं त्या दिवशी अप्पा म्हणाले होते. आज आठवलं, कारण लिहायच्या टेबलावर छतातून पाणी ठिबकलं. वर शांतक्का. निवृत्त शिक्षिका, एकट्याच. अप्पांनी ठेवलेल्या भाडेकरू. ओल येते कुठून?

४ मार्च
गवंडी आणला. शांतक्का दार अडवून उभ्या. "ब्याडरी. नको. आत पसारा आहे." गवंडी जिन्यात बिडी ओढून गेला. घर माझं, आणि वरच्या खोलीत काय आहे ते मला ठाऊक नाही. गंमतच.

७ मार्च
हुबळीहून अण्णा आला. भावाचा हक्क म्हणून आधी छत बघितलं, मग चहा. "बरं निमित्त मिळालंय. खाली करून घे, कॉलेजची चार पोरं ठेव. म्हातारं माणूस, उद्या काही झालं तर पंचनामा तुझ्या दारात."
"त्यांना या वयात खोली कोण देईल?"
"तू गोष्टी लिही बाई. घराचं मी बघतो."
पंचनाम्याचं मात्र खरं आहे. म्हणूनच राग आला.

१० मार्च
आठवड्यानं नळ. वेळेचा भरवसा नाही, म्हणून गल्लीत सगळेच करतात ते शांतक्काही करतात: तोटी उघडी, खाली पालथं पातेलं. पाणी आलं की वाजतं, माणूस धावतं. दुपारी वाजलं. माझी पिंपं भरून झाली तरी वरचं वाजतच. बाहेर गेल्या? पण चपला दारात होत्या. कडी वाजवली, हाका मारल्या. काही नाही. खाली आले तर टेबलावर पाणी. मोरी जुनी, इतका वेळ वाहिल्यावर झिरपणारच. पण त्या उठल्या का नाहीत?

११ मार्च
जिन्यात पाठमोऱ्या दिसल्या. "अक्का!" मग मोठ्यानं. वळल्या नाहीत. पुढे जाऊन उभी राहिले तेव्हा दचकून हसल्या. "अय्य, कधी आलात?"
मग एकेक जुळत गेलं. चहाला आल्या की माझ्या तोंडावर उजेड पडेल अशी खुर्ची निवडतात. दिवेलागणीआधी उठतात. मी त्याला शिस्त समजत होते. ऐकू येत नाही, आणि हे लपवायचं कोणापासून? माझ्यापासून. घरमालकिणीपासून...

१४ मार्च
अण्णाचा फोन. "बोललीस?"
"बोलते."
"तू काय बोलणार! मंगळवारी मी येतो. छत ओलं दिसलं तर मीच सांगतो त्यांना, जागा सोडा."
मंगळवारीच नळाची पाळी.

१६ मार्च
दिवसभर मनात वाक्य जुळवलं. हलक्या हातानं कसं म्हणायचं की मला कळलंय, आणि घाबरू नका? जमलं नाही.
संध्याकाळी ऊन असतानाच वर गेले. नेहमीसारखं अर्धं दार. मी उन्हाकडे तोंड करून उभी राहिले, सावकाश बोलले. "अक्का, उद्या तोटी उघडी ठेवून निवांत पडा. पातेलं मला खाली ऐकू येतं. वाजलं की मी येऊन बंद करीन."
त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या. मग माझ्या डोळ्यांकडे बघितलं. हात कडीवर गेला. 'ब्याडरी' तोंडात तयार दिसत होतं, अप्पांनीही नकाराचीच मान हलवली असती. तरी विचारलं:
"दार वाजवून उपयोग नाही ना, अक्का. दुसरी किल्ली मला द्याल?"