रेडिओ हसला त्याची गोष्ट

१४ नोव्हेंबर

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो पहिल्यापासूनच कुरकुऱ्या. जावईबापूंना बढती मिळाली हे ऐकून फार बरं वाटलं. त्यांना म्हणावं, आता पोट आवरा. त्यांची पँट मी दोनदा सैल केलीय, आता आत कापडच उरलेलं नाही.

सोबतच्या डब्यात सफरचंद-दालचिनीचा गोड पाव आहे. हसू नकोस, मीच केलाय. साधा चहा उतू घालवणारा तुझा बाप आता ओव्हन लावतो.

खाली चष्म्याचं दुकान आहे ना, त्या बाईंनी शिकवलं. त्यांचा ओव्हन बिघडला आणि आपला तर तुझी आई गेल्यापासून कढया ठेवायचं कपाट झाला होता. त्या म्हणाल्या, मास्तर, ओव्हन तुमचा, हात माझे, पाव अर्धा अर्धा. मी म्हटलं, चालेल. सफरचंद किसायचं नाही, बारीक चिरायचं, म्हणजे दाताखाली येतं, हे त्यांनीच सांगितलं. दालचिनीचा वास जिन्यात गेला की वरचे आजोबा काठी टेकत खाली येतात, अगदी सहज म्हणून.

पुढच्या खेपेला मला चढला जोर. म्हटलं, तुम्ही बसा, आज मी करतो. आता माझी खोड तुला माहीत आहे. शिवणीत दोन बोटं कापड जास्तच सोडायचं, गिऱ्हाईक सुटलं तर उसवून सैल करता येतं. त्याच हिशेबाने बेकिंग पावडर जरा सैल हाताने टाकली. पाव जो फुगला म्हणतेस! भांड्याच्या काठावरून उतरून ओव्हनच्या तळाला लागला. घरभर धूर. मी टॉवेल फडकावतोय आणि ती हसून हसून भिंतीला टेकलेली. म्हणाली, "अहो, कापड उसवता येतं. पीठ कसं उसवाल?"

नेमका तेव्हाच तुझा फोन आला. तू विचारलंस, कोण हसतंय? मी म्हटलं, रेडिओ.

रेडिओ नव्हता, ठकू.

तू दिवसभर छापखान्यात लोकांच्या चुका शोधतेस. तेव्हा वरच्या 'त्या' बाईंची खाली 'ती' झालेली तुझ्या नजरेतून सुटणार नाहीच. मी खोडणार होतो. मग म्हटलं, राहू दे. घरातही तसंच झालंय, कधी झालं ते माझं मलाच कळलं नाही.

आता सरळच लिहितो. आम्हाला लग्न करायचंय. ती म्हणते, आधी मुलीला विचारा, तिला नको असेल तर मी आपली खालीच बरी. तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही. गिऱ्हाइकाची बाही उलटी जोडली परवा.

तुझ्या आईचं मशीन खिडकीशी जसंच्या तसं आहे. हिने त्यावर साधी बशीसुद्धा कधी टेकवलेली नाही. आईची आठवण मला रोज येते, आणि ही आली की आनंदही होतो. दोन्ही एकदम होतं, त्याला मी तरी काय करू? तू नाही म्हणालीस तर रागावणार नाही. पण पाव मला गोड लागायचा नाही, एवढं खरं.

हा डब्यातला मात्र मापातला आहे. तव्यावर जरा गरम करून, लोणी लावून खा. खाऊन झाल्यावर फोन कर. मागे कोणी हसताना ऐकू आलं, तर पुन्हा विचार, कोण हसतंय.

मला नाव सांगायचंय.

तुझा, आधी तुझाच,
बाबा