‘कोरी जागा’ हे नाव कोरे न सोडण्याबाबत

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
दुकाने व आस्थापना विभाग,
खिडकी क्रमांक चारमागील दालन.

विषय : अर्जदाराच्या स्टुडिओचे नाव दाखल्यावर छापून मिळण्याबाबत.
संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज व त्यांवरील आपले शेरे.

महोदय,

१. अर्जदार ही ग्राफिक डिझायनर असून बारा वर्षे तिने दुसऱ्यांच्या टेबलावर काढली. तीन वर्षे छापखान्यात, नऊ एका जाहिरात कंपनीत. तेथील साहेबांना कागदावर बोटभर जागा रिकामी दिसली की चैन पडत नसे. “इथं काय राहिलं? टाक एखादा फुगा,” असे ते म्हणत. अर्जदाराने नऊ वर्षे फुगे टाकले. गेल्या महिन्यात राजीनामा टाकला, एक खोली भाड्याने घेतली आणि स्टुडिओचे नाव ठेवले : कोरी जागा.

२. ‘आस्थापनेचे नाव’ या रकान्यात अर्जदाराने सुवाच्य अक्षरात ‘कोरी जागा’ असे लिहिले. दाखला आला, त्यात नावाचा रकाना कोरा. खिडकीवरील लिपिक म्हणाले, “ताई, तुम्हीच लिहिलंय ना कोरी जागा? मग सोडली कोरी.” येथे ध चा मा झालेला नाही, हे अर्जदारास मान्य आहे. लिहिले तसेच वाचले गेले, हीच तक्रार आहे.

३. दुरुस्तीचा अर्ज ‘नाव नमूद नाही’ या शेऱ्यासह परत आला. पुढच्या अर्जात नाव अवतरणचिन्हांत घातले, तर तो मोकळ्या भूखंडांच्या टेबलावर गेला आणि आपले निरीक्षक टेप घेऊन दारात उभे राहिले. माणूस भला होता. खोली दोनदा मोजून त्यांनी अहवाल दिला : ‘जागा कोरी आढळली नाही. आत एक टेबल, एक संगणक व अर्जदार आढळली.’

४. लिपिकांचा सल्ला असा की, “नावच बदला ना. ‘भरलेली जागा’ ठेवा, आजच्या आज देतो.” अर्जदाराने त्याचाही विचार केला, हे ती लाजून कबूल करते. कारण एका रुग्णालयाच्या दिशादर्शक पाट्यांचे पहिलेवहिले काम तिला मिळाले असून शुक्रवारपर्यंत तिने तेथे दाखला न दिल्यास ते तिच्या जुन्या कंपनीकडे जाईल. साहेबांचा फोनही येऊन गेला, “तुझी खुर्ची अजून रिकामीच आहे गं.” त्यांनी आयुष्यात रिकामी ठेवलेली ही पहिलीच जागा. तेव्हापासून अर्जदाराचा पाय एका ठिकाणी ठरत नाही. ती टेबल खिडकीशी नेते, पुन्हा भिंतीशी आणते, आणि दिवसातून दोनदा आपल्या रांगेत येऊन उभी राहते.

५. अर्जदाराचे वडील पाट्या रंगवत. छापील फलक आले आणि त्यांचा ब्रश अकरा वर्षे डब्यात पडून राहिला. लेकीच्या स्टुडिओसाठी तो त्यांनी पुन्हा काढला, भिजवला, केस सरळ केले. पाटीला पांढरा हात दिला, कडेने निळी रेघ ओढली आणि थांबले. कागदावर नाही ते अक्षर पाटीवर काढायचे नाही, हा त्यांचा जन्माचा नेम. दाखला दाखवला तर म्हणाले, “यात तर काहीच नाही, बाळा. मी काय काढू?” त्यांचा उजवा हात आता थरथरतो. सकाळी तासभर तेवढा स्थिर असतो. तो तास ते रोज पाटीसमोर बसून घालवतात.

तरी दाखल्यावरील जागा कोरी न सोडता तेथे ‘कोरी जागा’ असे भरावे आणि शुक्रवारची सकाळ हातची जाऊ देऊ नये, ही कळकळीची विनंती.

आपल्या रांगेतली नेहमीची,
(सही)
अर्जदार
दिनांक : नऊ, सोमवार

सोबत :
१) कोरा दाखला.
२) निरीक्षकांचा अहवाल.
३) स्टुडिओचे लेटरहेड. त्यावरील मोकळी जागा मुद्दाम सोडलेली आहे, कृपया तेथे शेरा मारू नये.
४) वडिलांच्या पाटीचा फोटो. त्यावरील मोकळी जागा मुद्दाम सोडलेली नाही.