मांजर टोकावड्याला येत नाही, त्याबद्दल

तीर्थस्वरूप देवराममामांना,

भाचा संजू याचा बसल्या जागेवरून नमस्कार. (वाकलो असतो, पण मांडीवर ताईचा आदेश झोपलाय आणि त्याच्या पोटावर मांजर.) मामीचा गुडघा कसा आहे? घाटात जाणाऱ्या एसट्या अजून तुमच्याच ढाब्यावर चहाला थांबतात ना, की समोरच्याने ड्रायव्हर फोडले? फोनच केला असता, पण तुम्ही दर वाक्याला "थांब, गिऱ्हाईक आलं" म्हणता, म्हणून लिहितोय.

मांजरासाठी तुम्ही मागच्या पडवीत खोकं मांडलंत, असं मामीकडून कळलं. तुमचे उपकार आहेत, पण गोष्ट फिरली. आदेश सकाळी उठला की शिंकतो, डोळे चोळतो, हे तुम्हाला माहीत आहे. छायाताईने सगळा आळ मांजरावर घातला आणि त्याची रवानगी तुमच्याकडे टोकावड्याला ठरवली. पोराने जेवण टाकलं. शेवटी शहापूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अ‍ॅलर्जी कशाची ते आधी कातडीवर टेस्ट करून बघू, मग मांजराला हाकला. त्यासाठी सर्दीच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवल्या. ताईला वाशिंदच्या कारखान्यातून रजा मिळेना, आणि घरात रिकामा मी एकटाच (हे तिचं मत), म्हणून पोराला मीच घेऊन निघालो.

आता मांजराची टेस्ट म्हटल्यावर मांजर नको का? मी त्याला पिशवीत घातलं, डोकं तेवढं बाहेर. कंडक्टर म्हणतो, "हिचं हाफ काढू का फुल?" किन्हवलीला एकजण बैल विकत होता, म्हणून आम्ही मध्येच उतरलो. (घेतला नाही. पण मोठा देखणा बैल, मामा, शिंगं अशी की टोपी अडकवावी.) पुढची गाडी येईपर्यंत पिशवी उराशी धरून मी शिंकत बसलो. रस्त्यावर धूळ फार.

डॉक्टरीणबाईंनी पिशवी पाहिली आणि हसता हसता खुर्चीतच वाकल्या. म्हणाल्या, "अहो, मांजर या बाटलीत आहे." झालं! आदेशने भोकाड पसरलं, "सुंदरीला बाटलीत नाय घालायची!" बाटलीत मांजराच्या केसाकातडीचा नुसता अर्क असतो, हे त्याला पटवता पटवता माझा घसा बसला. मग त्याने हात पाठीमागे लपवला. "पयला मामाला टोच." बाईंनी माझे लाल डोळे बघितले, गोळी घेतली नाही ना विचारलं आणि आधी मलाच धरलं. हातावर पेनाने आकडे, आकड्याशेजारी थेंब, थेंबावर हलकी टोच. रक्त नाही, काही नाही. तरी मी आईचं नाव घेतलं. ते ऐकून आदेश खुदकन हसला आणि त्याने हात पुढे केला.

मग खाजवायचं नाही, बसून राहायचं. त्याच्या हातावर पहिलाच थेंब फुगला. मला वाटलं हाच मांजराचा, म्हणून मांजराला परत घालायला पिशवी उघडली, पोराचा चेहरा पडला. बाई म्हणाल्या, "थांबा, तो सगळ्यांचाच फुगतो. टेस्ट चालतेय का, ते बघायला असतो." मांजराचा थेंब? सपाट, जसाच्या तसा! फुगला तो गादी-गोधडीच्या धुळीतल्या किड्यांचा, जे डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. म्हणजे आळ मांजरावर आणि चोर अंथरुणात! आदेश मांजराला घेऊन दवाखानाभर नाचला, आणि त्या रात्री तीन भाकऱ्या खाल्ल्या.

ताई आता गोधड्या कढत पाण्यात धुऊन उन्हात टाकतेय. मांजर येत नाही. मामीला नमस्कार.

तुमचा,
संजू

ता. क. खोकं मोडू नका.

आणखी ता. क. माझ्या हाताचं सांगायचं राहिलं. माझ्या हातावर मांजराचा थेंब बटाटवड्याएवढा फुगला. ताई म्हणाली, आता घरात एक तर संजू नाहीतर सुंदरी. तिचं वाक्य संपायच्या आत आदेशने सुंदरीला घट्ट धरलं, आणि माझ्या चपला दाराकडे तोंड करून ठेवल्या. तर मी शुक्रवारी येतोय. खोकं मला आखूड पडेल, खाट टाका. बाकी मांजराला कबूल केलेलंच मला चालेल, मासळीचं डोकं आणि वाटीभर दूध. दुधात तेवढी चहापत्ती घाला.