साडूच्या मशीनमधले रंग

शुक्रवार, तमिळ आडी महिना. दिवेलागण.

लिहून टाकतो, नाहीतर घास उतरणार नाही.

बायकोला, सरोजाला, जिना चढताना धाप लागते, हे आधी माझ्या कानांनी पकडलं. माझ्याच स्कॅन सेंटरात तिच्या छातीचा साधा सीटी स्कॅन काढला. फुप्फुसं स्वच्छ! पण धाप काही थांबेना. शेवटी आज मेलकावेरीला साडूच्या सेंटरात नेलं. त्याचं नवं मशीन शिरेत औषध सोडून, दोन वेगळ्या ताकदींच्या क्ष-किरणांनी चित्र घेतं आणि फुप्फुसात रक्त कुठे पोचतं ते रंगांत दाखवतं. रंगांत! माझं सगळं काळंपांढरं. मी जुन्या एक्स-रे मशीनपासून इथवर आलो. त्याला वडिलांचं सेंटर आयतं मिळालं.

साडू स्वतः माइकवर म्हणाला, "श्वास धरा अक्का, सोडू नका." हिनं लगेच धरला. माझं एवढ्या वर्षांत एक ऐकलं असेल तर शपथ.

पडद्यावर सगळीकडे नारिंगी, खालचा एक कोपरा तेवढा काळा.

"तिथे रक्त पोचत नाही, दादा. गुठळी आहे. साध्या सीटीत दिसलीच नसती." हळू बोलला बिचारा. पण त्या हळू आवाजातलं सुख माझ्या कानांतून सुटतंय थोडंच!

डॉक्टरांनी औषध सुरू केलंय. वेळेवर सापडली, म्हणाले. सरोजा म्हणते, "अहो, त्यांना जेवायला बोलवा." बोलवीन, हसून वाढीनसुद्धा.

पण तो काळा कोपरा दिसला तेव्हा मनात पहिलं काय आलं? हे मशीन माझ्याकडे का नाही. सरोजा त्यानंतर आठवली.